जड पाणी, गोड पाणी
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

आम्ही लातूरच्या एका गल्लीतल्या बचत गटाच्या बाराजणी. माइकसमोर आज तिघीच बसलोय, पण जे लिहून आणलंय ते बाराजणींनी मिळून लिहिलंय. म्हणून बोलताना 'आम्ही' असंच म्हणणार आहोत. आजचा विषय तुमच्या मोरीत आहे, तुमच्या चहाच्या पातेल्यात आहे आणि नळाच्या तोटीवर जो पांढरा खरपुडा धरतो ना, त्यातही आहे. विषय आहे, पाणी. पाणी येतं की नाही यावर आपण रोज बोलतो. आलेलं पाणी कसं आहे, यावर मात्र आम्ही पोरं आजारी पडेपर्यंत नीट बोललोच नव्हतो.

आधी आमच्या गावाचं सांगतो. २०११ च्या शिरगणतीत लातूर शहराची वस्ती ३ लाख ८२ हजारांच्या घरात होती. शहराला पाणी येतं ते मांजरा नदीवरच्या धनेगावच्या धरणातून. २०१६ साली ते धरण आटलं. पाणवठ्यावर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली. मग १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आलेलं ते कृष्णेचं पाणी होतं. ते दिवस ज्यांनी काढलेत, त्या बायका आजही भांडी धुतलेलं पाणी सांडू देत नाहीत, झाडाला घालतात.

त्या वर्षांत ज्याला जमेल त्यानं बोअर घेतला. शेकडो फूट खाली जाऊन पाणी काढलं. तेव्हापासून आमच्या घरात दोन पाणी आहेत. एक नळाचं, ते कधी पाच दिवसांनी, कधी आठ-दहा दिवसांनी येतं. दुसरं बोअरचं, ते मधल्या दिवसांचं. नळाच्या पाण्याला आम्ही 'गोड' म्हणतो आणि बोअरच्या पाण्याला 'जड'. आमचा सगळा घोळ या दोन शब्दांनीच केला.

आता हे जड पाणी म्हणजे काय ते बघू. शाळेच्या पुस्तकात त्याला 'दुष्फेन' पाणी म्हणतात. दुष्फेन म्हणजे ज्यात फेस नीट होत नाही ते. आणि ज्यात होतो ते 'सुफेन'. आमच्यातल्या निम्म्याजणींनी हे शब्द पाठ करून परीक्षेत मार्क मिळवले होते, पण आपल्या बादलीतलं पाणी तेच, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आपल्या मराठवाड्याच्या पायाखाली काळा पाषाण आहे, म्हणजे बेसाल्ट. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, या खडकाच्या भेगांतून हळूहळू खाली जातं. जाताना खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून बरोबर नेतं. जितका जास्त काळ ते खडकात राहील, तितके क्षार जास्त. म्हणून धरणाचं पाणी बोअरच्या मानानं मऊ असतं, आणि खोल बोअरचं बहुधा जड.

साबणाचं आणि या कॅल्शियमचं जमत नाही. साबण फेस करण्याऐवजी कॅल्शियमशी बांधला जातो आणि त्याची चिकट साय होते. मोरीच्या फरशीवर जो राखाडी बुळबुळीत थर बसतो, तो हाच. केस धुतले तरी राठ वाटतात, पांढरी साडी मळकट दिसते, याचंही कारण तेच. डाळीचंही तसंच. डाळीच्या सालात आणि गरात जो चिकट पदार्थ असतो, त्याला कॅल्शियम घट्ट धरून ठेवतं, म्हणून डाळ दाणादाण राहते. आमच्या गल्लीत नवी सून आली की पहिले चार दिवस तिला डाळीवरून बोलणी बसायची. "माहेरी शिकवलं नाही का काही?" त्या बिचारीचं माहेर नदीकाठचं होतं. दोष तिचा नव्हताच, पाण्याचा होता. त्या सुनेची सासू आमच्याच गटात आहे, आणि हे वाक्य तिनंच लिहायला सांगितलंय.

घरी बघायचं असेल तर सोपं आहे. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, एकीत बोअरचं, दोन्हींत पाणी सारखंच. अंगाच्या साबणाचा वाटाण्याएवढा तुकडा दोन्हींत टाका आणि सारख्याच वेळा हलवा. कपड्याची पावडर घेऊ नका, ती जड पाण्यातही फेस करते. ज्या बाटलीत फेस कमी आणि गढूळ साय जास्त, ते पाणी जड.

हे जड पाणी पिऊन काय होतं? आमच्या गल्लीत उत्तर ठरलेलं होतं. मूतखडा! तोटीवर थर बसतो, गीझरमध्ये थर बसतो, मग पोटात बसणार नाही का? ऐकायला पटतं. पण पोट म्हणजे गीझर नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. आपण दूध, नाचणी, तीळ खातो ते त्यासाठीच. जागतिक आरोग्य संघटनेनं पाण्याच्या कठीणतेसाठी आरोग्याच्या कारणानं कुठलीही मर्यादा घातलेली नाही. आपल्या भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००, २०१२ सालचं. त्यात एका लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणता चांगली मानली आहे, आणि दुसरं पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली आहे. मूतखड्याचं एक मोठं कारण कोणतं, तर पाणी कमी पिणं. आणि बायांनो, खरं सांगा, बाहेर जायचं असलं, बाजार असला, मुलाखत असली, की आपण सकाळपासून पाणी पितच नाही. कारण बाहेर संडासाची सोय नसते. त्या मानानं जड पाण्याची भीती फार मोठी करून ठेवलीय आपण.

आमची ही भीती एका माणसानं बरोबर ओळखली.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, गळ्यात ओळखपत्र आणि हातात बॅग घेतलेला एक तरुण गल्लीत आला. "ताई, तुमच्या पाण्याची फुकट तपासणी करतो." फुकट म्हटल्यावर आम्ही ओट्यावर जमलोच. त्यानं दोन ग्लास मांडले. एकात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. मग एक छोटं यंत्र काढलं, त्याला खाली धातूच्या कांड्या होत्या. त्या दोन्ही ग्लासांत बुडवल्या, वायर भिंतीतल्या बोर्डात लावली. मिनिटभरात आमचं पाणी हिरवट झालं, मग तांबूस, मग वर चिखलासारखा गाळ तरंगायला लागला. त्याचं पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ. तो म्हणाला, "बघा, हे तुम्ही लेकरांना पाजता."

त्या एका वाक्यानं आमचं काम झालं. बाराजणींपैकी आठजणींनी मशीन घेतलं. चौदा हजारांचं एक, हप्त्यावर. पैसे गटातूनच उचलले. एकीनं शिवणयंत्रासाठी ठेवलेले पैसे त्यात घातले.

मशीन आलं, बोअरच्या पाण्याला लावलं. चहा छान लागायला लागला. आम्ही निर्धास्त झालो. आणि नळ यायचा त्या दिवशी काय करायचो? नळाचं पाणी थेट माठात. कोपऱ्यावरच्या अक्का म्हणायच्या, "नळाचं पाणी ग्वाड हाय की माय, त्याला मशीन कशाला?" आम्हालाही ते पटायचं. मशीन कशासाठी, तर जड पाण्यासाठी. नळाचं जड नाही, म्हणजे चांगलं.

पावसाळा लागला. एका नळाच्या दिवसानंतर गल्लीच्या खालच्या टोकाच्या तीन घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पाच जण आजारी पडले, त्यात तीन लेकरं. अक्कांची चार वर्षांची नात सगळ्यांत लहान. तिचे डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, रात्री अकरा वाजता तिला उचलून दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाइन लागलं. लेकरू वाचलं, आज उड्या मारतंय. पण त्या दोन रात्री दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आम्ही एकमेकींना एकच गोष्ट विचारत होतो. घरात चौदा हजारांचं मशीन असताना हे झालं कसं? तीनपैकी दोन घरांत मशीन होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" आम्ही सांगितलं, "मशीनचं, आणि नळ येतो तेव्हा नळाचं." ते म्हणाले, "आधी नळाचं तपासा."

आम्ही आशाताईंना गाठलं. त्यांनी ओ.टी. चाचणीची बाटली मिळवून दिली. तिचं काम सोपं आहे. नळाच्या पाण्यात या रसायनाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. पिवळं झालं नाही, तर नाही. पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून निघताना त्यात क्लोरीन घालतात, ते जंतू मारतं. पण आपल्या तोटीपर्यंत पोचतानाही त्यातलं थोडं शिल्लक राहायला हवं. मानक सांगतं, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. का, तर वाटेत काही घाण मिसळली तर तिच्याशी लढायला. क्लोरीन संपलं असेल तर समजायचं, वाटेत ते कशावर तरी खर्च झालंय. आणि हो, चाचणी केलेलं पाणी प्यायचं नाही, फेकून द्यायचं, हात धुवायचे.

पुढच्या नळाच्या दिवशी आम्ही गल्लीच्या वरच्या घरापासून सुरुवात केली. पहिलं घर, पिवळं. दुसरं, पिवळं. असं करत खाली आलो. शेवटच्या तीन घरांत पाणी जसंच्या तसं राहिलं, रंगाचा मागमूस नाही. तीच ती तीन घरं.

मग शोध सुरू झाला. त्या तीन घरांना पाणी नेणारा नळजोडणीचा पाइप गटाराच्या आतून गेलेला होता. आमच्याच लोकांनी फार वर्षांपूर्वी खासगी माणसाकडून जोडून घेतलेला, खोदायचे पैसे वाचावेत म्हणून. पाइप गंजला होता, जोडावर सडला होता. नळ चालू असला की त्यातून पाणी बाहेर गळायचं, ते गटारात जायचं, कुणाला दिसायचं नाही. पण नळ बंद झाला की? पाइप रिकामा. रिकाम्या पाइपात बाहेरचं पाणी शिरतं. गटार तर चोवीस तास भरलेलं. आठ दिवस ते पाइपात झिरपत राहायचं, आणि नळ आला की पहिल्या धारेबरोबर थेट माठात.

एवढ्यावर थांबलं असतं तर आम्ही पाइपाला दोष देऊन मोकळ्या झालो असतो. पण चाचणीला सोबत आलेल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली. या बाई आमच्यातल्या एकीच्या मुलीला कॉलेजात शिकवतात. त्यांनी विचारलं, "नळाला थेट मोटारी किती जणींच्या आहेत?"

आम्ही सगळ्या गप्प. बाराजणींपैकी अकराजणींच्या होत्या. नियमानं मनाई आहे हे ठाऊक असून होत्या. नळ येतो तासभर, दाब कमी, शेजारीण मोटार लावते, मग आपल्याकडे थेंब येत नाही, मग आपणही लावतो. बाईंनी सांगितलं, मोटार पाइपातून पाणी ओढते, पाणी पुरेसं नसलं तर पाइपाच्या फटीतून जे मिळेल ते ओढते. म्हणजे गटारातलं पाणी आपण नुसतं येऊ देत नव्हतो, विजेचं बिल भरून ओढून घेत होतो. आणि ओढणाऱ्या आम्ही वरच्या घरांतल्याही होतो, आजारी पडली खालच्या घरांतली लेकरं. हे ऐकायला जड गेलं. आज रेडिओवर सांगायलाही जड जातंय.

पुढच्या आठवड्यात बाईंनी आम्हाला प्रयोगशाळेत बोलावलं आणि त्या कांड्यांचं कोडंही सोडवून दिलं. त्यांनी तशाच लोखंडी कांड्या घेतल्या. मशीनचं स्वच्छ पाणी ग्लासात घेतलं, कांड्या बुडवल्या, वीज सोडली. काही झालं नाही. मग त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. घरातलं, खायचं मीठ. मिनिटभरात पाणी हिरवट, मग तांबूस, मग गाळ! अगदी त्या दिवशीसारखं. तो गाळ म्हणजे कांडीचं विरघळलेलं लोखंड, गंज. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड गळतं. मशीनच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून वीज वाहत नाही. घाण पाण्यात नव्हतीच, ती त्या कांडीतून आली होती. मैत्रिणींनो, हा प्रयोग घरी करू नका, विजेचा धक्का बसेल. पण कुणी ओट्यावर येऊन करून दाखवायला लागलं, तर त्याला म्हणा, "दादा, तुझ्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दाखव."

मग आमची मशीनं वाया गेली का? ती शिवणयंत्राचे पैसे घालणारी तर रडायलाच लागली होती. पण गोष्ट इतकी सरळ नव्हती. बाईंच्या सांगण्यावरून आम्ही बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दिलं. अहवाल आला. कठीणता २०० च्या बरीच वर, पण ६०० च्या आत. म्हणजे ज्याला आम्ही घाबरत होतो, ते चालण्यासारखं होतं. पण ज्याचं नावही आम्ही ऐकलं नव्हतं, ते नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि तिथं मानक कसलीच सवलत देत नाही. हे येतं शेतातल्या खतातून, शोषखड्ड्यांतून आणि सांडपाण्यातून. त्याला रंग नाही, वास नाही, चव कळत नाही, तोटीवर थर धरत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरच्या दुधात असं पाणी गेलं तर त्याचं रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही, बाळ निळसर पडतं. आणि एक लक्षात ठेवा, पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. फ्लोराइडही उकळून जात नाही.

नायट्रेटसाठी आरओ मशीन उपयोगाचं आहे. म्हणजे मशीन आम्ही चुकीच्या भीतीनं घेतलं, पण बोअरच्या पाण्याला ते लागणारच होतं. हे मात्र आम्हाला विकणाऱ्यानं नाही, अहवालानं सांगितलं. सगळ्यांनाच लागेल असं नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये म्हटलं होतं की जिथं पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत, तिथं आरओ वापरू नये. कारण हे मशीन एक लिटर शुद्ध पाणी देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडून देतं. रेल्वेनं पाणी आणलेल्या गावात तर हे परवडणारं नाही. आम्ही आता ते सुटलेलं पाणी बादलीत धरतो. संडासाला, फरशी पुसायला वापरतो.

आता बाराजणींनी काय बदललं, ते सांगतो. जमेल ते तुम्हीही करा.

नळ आला की पहिली पाच-सात मिनिटं पाणी पिण्याला भरायचं नाही. ते बादलीत धरायचं, संडासाला वापरायचं. पाणी नितळ आल्यावर मग पिण्याचं भरायचं. पाण्याला गटाराचा वास आला किंवा रंग दिसला, तर त्या दिवशी ते प्यायचंच नाही, आणि तक्रार लेखी करायची, तारीख घालून.

पिण्याचं पाणी उकळायचं, किंवा मेडिक्लोरचे थेंब घालायचे. उकळायचं म्हणजे मोठे बुडबुडे येऊन खळाळलं की मिनिटभर थांबून गॅस बंद करायचा. वीस-वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. थेंब घालायचे ते बाटलीवर लिहिलेल्या मापानं, आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून, निवळून, गाळून घ्या, मग थेंब घाला. नुसती तुरटी किंवा नुसतं दुपदरी फडकं जंतू मारत नाही. आणि माठातलं पाणी ओगराळ्यानं घ्या, तांब्या धरून हात बुडवू नका. उकळलेलं पाणी हातानंच परत बिघडतं.

तो गटारातला पाइप आम्ही तीन घरांच्या वर्गणीनं नव्हे, बाराही घरांच्या वर्गणीनं बदलला. गटारापासून दूर आणि उंचावरून नेला. पुढच्या नळाला शेवटच्या घरातलं पाणी पिवळं झालं, तेव्हा अक्कांनी सगळ्यांना गूळ वाटला.

मोटारींचं अजून पूर्ण जमलेलं नाही, खोटं कशाला बोलू. अकरापैकी सातजणींनी काढल्या. ज्यांना जागा आहे त्यांनी जमिनीत हौद केला. नळाचं पाणी आपल्या दाबानं हौदात पडतं, आणि मग मोटार लावायची ती हौदातून वरच्या टाकीत. अशानं पाइपातून ओढलं जात नाही. उरलेल्या चौघींकडे हौदाला जागा नाही, आणि मोटारीशिवाय त्यांच्या तोटीला पाणी चढत नाही. त्यांच्यावर ओरडून उपयोग नाही. त्यांच्यासाठी दोन घरांत मिळून एक हौद करायचा विचार चाललाय.

आणि जड पाण्याचं काय? त्याच्याशी आता आमचं वैर नाही. त्यातले काही क्षार उकळल्यावर खाली बसतात. म्हणून रात्री उकळून ठेवलेल्या पाण्याचं वरचं निवळ आम्ही डाळीला घेतो, डाळ लवकर शिजते. चिमूटभर खायचा सोडाही चालतो, पण जास्त नको, डाळीतलं जीवनसत्त्व जातं. कपडे भिजवताना बादलीत थोडा धुण्याचा सोडा घातला तर साबण कमी लागतो. तोटीवरचा थर, किटलीतला थर, लिंबाच्या फुलाच्या पाण्यात कपडा भिजवून गुंडाळला की तासाभरात सुटतो. संडासाचं अ‍ॅसिड भांड्यांना लावू नका. आणि अ‍ॅसिड आणि टीसीएल पावडर तर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. पावसाचं पाणी सगळ्यांत मऊ. पहिल्या एक-दोन सरींनी पत्रा धुऊन जाऊ द्या, मग पिंप लावा. न्हायला, धुण्याला त्याच्यासारखं पाणी नाही. आपल्या आज्या वळचणीला घंगाळ लावायच्या, त्या काही उगाच नाही.

शेवटची गोष्ट तपासणीची. वर्षातून दोनदा पाणी तपासून घ्या, एकदा पावसाळ्याच्या आधी, एकदा नंतर. क्षारांच्या तपासणीसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं विसळून भरून न्या. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र घरची बाटली चालत नाही, प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणावी लागते, आणि भरल्यावर लवकरात लवकर, थंड ठेवून पोचवावी लागते. अहवाल आला की चार गोष्टी बघा. नायट्रेट ४५ च्या आत आहे का? फ्लोराइड १ च्या आत, फार तर दीडच्या आत आहे का? ई. कोलाय नावाचा जंतू अजिबात नाही ना? आणि कठीणता किती? कठीणता आम्ही मुद्दाम शेवटी सांगितली. आधी ती आमच्या यादीत पहिली होती आणि बाकीच्या तीन यादीतच नव्हत्या.

मैत्रिणींनो, जड पाणी आपल्या डोळ्यांना दिसतं, हाताला जाणवतं, डाळीत कळतं, म्हणून आपण त्याला घाबरतो. आजारी करणारं पाणी मात्र गोड लागू शकतं, नितळ दिसू शकतं. जिभेवर विश्वास ठेवून आम्ही एका लेकराला दवाखान्यात पोचवलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून आज हे बोललो.

आता तुमच्या गल्लीत नळ येईल तेव्हा एक करा. आशाताईंकडून ओ.टी.ची बाटली मागून घ्या, आणि गल्लीच्या पहिल्या घरात नाही, शेवटच्या घरात जाऊन बघा. शेवटच्या घरातलं पाणी पिवळं झालं, तर निवांत चहा ठेवा. नाही झालं, तर त्याच दिवशी सगळ्याजणी एकत्र बसा.

येतो आम्ही. नळाचा दिवस आहे, हौद भरायचाय. नमस्कार!